चार मीटरच्या आत

(रंगमंचावर प्लास्टिकची एक खुर्ची. प्रयोग करणारा येतो, खिशातून गाडीची किल्ली काढतो, विंगेकडे रोखून बटण दाबतो. आतून 'टुंग टुंग'. तो खूश. पुन्हा दाबतो. पुन्हा 'टुंग टुंग'.)

भुईगावात एक गृहस्थ रोज रात्री जेवण उरकलं की खिडकीत उभा राहून असं बटण दाबतो. गाडी लॉक आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गाडी आहे, हे आळीला ठाऊक राहावं म्हणून तो दाबतो. त्याचं नाव घ्यायचं कारण नाही, भुईगावकर म्हणू. हा प्रयोग बघून चार जण घरी जाऊन म्हणतील, "माझ्यावरच होता," म्हणून नाव झाकलेलंच बरं.

वसईच्या पश्चिमेला, सुरूची झाडं संपतात आणि चिखलाचा किनारा सुरू होतो, तिथलं हे गाव. भुईगावकराला राहायला घर आहे. आजोबांचं, कौलारू, पुढे केळी, मागे विहीर. मग पहिलं घर घेतोय म्हणजे काय? तर सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातले तिघे वारले, दोघे परदेशी, आणि एक काका 1998 पासून बोलत नाहीत. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. चहासुद्धा विचारून देते.

बायको म्हणाली, "मला दारावर माझ्या नावाची पाटी असलेलं घर पाहिजे." वसई रोड स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर एक वन बीएचके बघितला. किंमत 40 लाख. नवराबायको बँकेत गेली. अर्थात गाडीतून. बँकेच्या दारासमोर, साहेबाला काचेतून दिसेल अशी गाडी लावली. इथेच पहिली चूक झाली.

(खुर्चीवर बसतो. चष्मा नाकाच्या टोकावर.)

"हातात पगार किती येतो?"

"60 हजार."

"दुसरं कर्ज?"

भुईगावकराने अभिमानाने काचेबाहेर बोट दाखवलं.

तीन वर्षांपूर्वी घेतलेली उंच, रुबाबदार गाडी. कर्ज 7 लाखांचं, साडेनऊ टक्क्यांनी, 5 वर्षांचं. हप्ता 14,700. बँकेचं गणित शाळेतल्यापेक्षा सोपं असतं. सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ द्यायचे. निम्मे म्हणजे 30 हजार. त्यातून गाडीचे 14,700 वजा. उरले 15,300. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या गृहकर्जाच्या दर लाखाला महिना 868 रुपये पडतात. म्हणजे कर्ज मिळणार साडेसतरा लाख.

"साडेसतरा? घर तर 40 लाखांचं आहे!"

"गाडी नसती तर 32 देता आले असते. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्के, हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तुमचा पगार 32 लाखांना पुरतो. गाडी पुरू देत नाही." साहेबाने चष्मा काढून बाहेर बघितलं. "साहेब, ती गाडी नाही. तो तुमचा हॉल आणि अर्धं किचन आहे. चाकं लावून फिरवताय."

बायको काही बोलली नाही. तिने फक्त काचेतून त्या हॉलकडे बघितलं. हॉलवर कावळा बसला होता.

घरी येताना तिने दुसरं गणित मांडलं. गाडी रोज जाते कुठे? भुईगाव ते वसई रोड स्टेशन. तिथल्या पे अँड पार्कमध्ये दिवसभर उन्हात उभी राहते आणि मालक चर्चगेटच्या लोकलमध्ये एका पायावर उभा असतो. म्हणजे महिन्याला 14,700 भरून बसायला जागा गाडीला मिळते.

"पण मोठी गाडी आहे गं," तो म्हणाला.

इथे प्रेक्षकांना एक सरकारी गुपित सांगायला हवं. ही मोठी गाडी सरकारच्या लेखी छोटीच आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात ठरलं, की 4 मीटरच्या आत लांबी आणि ठरावीक सीसीच्या आत इंजिन असेल तर ती छोटी गाडी, कर कमी. तेव्हापासून कंपन्या गाडी पुढून आडदांड करतात आणि मागून कात्री लावतात. समोरून बघाल तर पैलवान, मागून बघाल तर शर्ट खोचायचा राहिलेला. भुईगावकराच्या गाडीची लांबी 3,995 मिलिमीटर. गेली तीन वर्षं तो आळीत जो रुबाब मिरवत होता, तो 5 मिलिमीटरने छोटा होता.

तर गाडी विकायची ठरली. विकायला गेलं की कळतं, जगात आपल्याइतकं आपल्या गाडीवर कुणाचंच प्रेम नाही. जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडीभोवती फिरला, आणि भुईगावकराचं काळीज त्याच्याबरोबर फिरलं. तो मान हलवत राहिला. काहीच बोलला नाही. हाडवैद्य बोलत नाही ना, तसा.

"साडेपाच."

"अहो, नऊ लाखांना घेतली!"

"तेव्हा. आता 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. नवी गाडीच स्वस्त झाली, तर तुमच्या जुनीला कोण विचारणार?"

सरकारने कर कमी केला म्हणून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असा हा वसई तालुक्यातला पहिलाच नागरिक असावा. घासाघीस होऊन 5 लाख 60 हजारांवर सुटलं. त्यातले 3 लाख 20 हजार गाडीच्या उरलेल्या कर्जात गेले. हातात 2 लाख 40 हजार. बायको म्हणाली, "यातच दुसरी गाडी बसवायची, आणि वर उरले पाहिजेत."

(उभा राहतो. आवाज खाली.)

खरी अडचण गणिताची नव्हतीच. गणित त्याला बँकेतच पटलं होतं. अडचण ही, की आळीतून छोटी, जुनी गाडी चालवत जायचं कसं? ह्याला हसू नका. ह्या भीतीने मोठेमोठे गार पडलेत. 2009 च्या 23 मार्चला मुंबईत नॅनो बाजारात आली. एक लाखाची गाडी, स्कूटरवर चौघं बसलेल्या कुटुंबासाठी. जगभर कौतुक झालं. आणि स्कूटरवरच्या त्या कुटुंबाने काय केलं? स्कूटरवर बसूनच कौतुक केलं. सर्वांत स्वस्त म्हणून ती गाडी विकली गेली हे चुकलं, असं पुढे खुद्द रतन टाटांनी सांगितलं. आपल्याकडे स्वस्त भाजी आणणारा हुशार, स्वस्त साडी आणणारा चतुर, आणि स्वस्त गाडी आणणारा... "बिचारा."

सासऱ्यांनी तर थेट इतिहास काढला. "1983 च्या 14 डिसेंबरला दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्यांनी ती गाडी मरेपर्यंत ठेवली. आणि जावईबापू, तुम्ही तीन वर्षांत विकता?"

"बाबा, त्यांच्याकडे घर होतं," बायको म्हणाली. विषय संपला.

आता खरेदी. भुईगावकराने सोबत घेतला गावातला मेकॅनिक आणि फ्रिजवरचं गोव्याचं चुंबक. चुंबक कशाला? ठोकलेल्या गाडीला लांबी भरून, वर रंग मारून नवी करतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही. पहिल्या गाडीच्या दरवाजावर लावलं. पडलं. बॉनेटवर लावलं. पडलं. छतावर लावलं, तिथे मात्र चिकटलं.

"छत चांगलं आहे," मालक म्हणाला.

दुसरी गाडी दिसायला देखणी, आणि वास मात्र देवघरासारखा. पाच-पाच परफ्यूम. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला चिखल. खालचा गालिचा उचलला, सीटचे रूळ गंजलेले. "2018 च्या जुलैमध्ये कुठे होती गाडी?" वसईकराने विचारायचा हा प्रश्नच आहे. त्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं, नालासोपाऱ्याला रेल्वे बंद, वीज बंद. मालक म्हणाला, "सोसायटीतच होती हो, हलली नाही." त्या वेळी हलली नसेल तर पोहली असणार. आणि समुद्राजवळच्या गाडीचा तर पोटाखालचा पत्रा बघितल्याशिवाय रुपया काढू नये. खारा वारा वरून रंगाला हात लावत नाही, खालून खातो.

तिसरी मिळाली. 2014 ची, एमएच 48, पहिलाच मालक. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, म्हणजे गाडी जिल्ह्याच्याच वयाची, आणि रस्ते दोघांनी सारखेच सोसलेले. चुंबक सगळीकडे चिकटलं. निघताना तेच निघेना. मोबाइलवर चलनं तपासली. तीन थकलेली. तिन्ही रविवारची, तिन्ही दुपारी दोनच्या सुमाराची, तिन्ही वेगमर्यादेची. माणूस जेवणाच्या वेळेला उशीर करत नव्हता, एवढं चारित्र्य कळलं. पहिली 15 वर्षं 2029 ला भरतील, मग पुन्हा पासिंग. किंमत 1 लाख 60 हजार. चलनं मालकाने भरली, नव्या नंबरप्लेटचे पैसे भुईगावकराने.

(थांबतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

आता एक हिशेब जुळतो का बघा. 1 लाख 60 हजारांच्या गाडीसाठी हा माणूस तीन रविवार उन्हात फिरला, मेकॅनिक नेला, चुंबक नेलं, पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. आणि 40 लाखांचा फ्लॅट? वीस मिनिटं. त्यातली दहा सरबतात. "व्हेंटिलेशन छान आहे" म्हणाला आणि टोकन दिलं!

सुदैवाने बायकोने पेपर वाचला होता. 2025 च्या सुरुवातीपर्यंत, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पाच्या आरक्षित जागेवरच्या 41 बेकायदा इमारती पाडल्या. त्यात घर घेतलेल्यांनीही हॉलचा वारा बघितला असणार. ती वकिलाकडे गेली. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा, महारेराचा नंबर, एकेक कागद मागून घेतला. भुईगावकर बिल्डरच्या ऑफिसात खांबाला चुंबक लावून बघत होता. तिने त्याला बाहेर बसवलं.

पार्किंगचा मुद्दाही तिनेच काढला. बिल्डरचा माणूस म्हणाला, स्टिल्टखालच्या जागेचे वेगळे पैसे. इथे दहिसर मदतीला आलं. वसई रोडहून लोकलने चौथं स्टेशन. तिथल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 ला सांगितलं, की स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नाही, ती बिल्डरने सुटी विकायची नाही. पुढे रेरा आला, झाकलेल्या जागेचे नियम बदलले, पण एवढी तारीख तोंडपाठ असलेली बाई समोर बसल्यावर त्या माणसाने दुसरा चहा मागवला.

घर बायकोच्या एकटीच्या नावावर केलं. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट. 40 लाखांवर 40 हजार. भुईगावकराने मोठेपणाने मान डोलावली. रात्री लक्षात आलं, आता सातबाऱ्यावर चौदातला एक आणि फ्लॅटवर एकही नाही. त्याच्या एकट्याच्या नावावर जगात उरली 2014 ची गाडी.

तीही लगेच नव्हे, तिचे कागद व्हायचे होते. आणि इकडे तो विकलेल्या गाडीच्या कागदांसाठी आरटीओच्या चकरा मारत होता. बँकेची एनओसी, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म 35, नाव बदलायला 29 आणि 30. व्यापारी म्हणाला, "सही करून द्या हो, बाकी आम्ही बघतो." ह्या एका वाक्यावर कितीतरी माणसं आयुष्यभर कोर्टात फिरलीत. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निकाल दिला. एक गाडी एकाने विकली, ती हातोहात पुढे गेली, अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? आरसीवर ज्याचं नाव होतं त्याने, म्हणजे पहिल्या मालकाने. भुईगावकर नाव बदलेपर्यंत व्यापाऱ्याच्या दारात बसून राहिला. चौथ्या दिवशी तिथला पोऱ्या त्यालाच गाड्यांचे भाव विचारायला लागला.

गाडीबरोबर सगळं गेलं. राहिला फक्त विम्याचा नो क्लेम बोनस. तीन वर्षं क्लेम केला नव्हता म्हणून 35 टक्के. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, नव्या विम्यात सोबत येतो. त्याने ते पत्र जपून ठेवलंय. कुणीतरी लेखी दिलंय ना, माणूस नीट चालवतो म्हणून.

छोटी गाडी आळीत शिरली ती संध्याकाळ. त्याने मुद्दाम काळोख होऊ दिला होता. तरी शेजारचे अण्णा टॉर्च घेऊन आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग अगदी हळू, हात खांद्यावर ठेवून:

"नोकरी... आहे ना रे?"

"आहे, अण्णा. घर घेतलं."

"हां, हां. घर घेतलं." अण्णांना पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी केळ्यांचा घड आणून दिला. काही न बोलता. घरात दुःख झालं की देतात तसा.

(किल्ली पुन्हा काढतो. बटण नाही. किल्ली हवेत फिरवून कुलूप लावल्याचा अभिनय.)

सामान हलवायच्या दिवशी त्या छोट्या गाडीने सात फेऱ्या मारल्या. सिलिंडर, मिक्सर, आजीची पितळी घागर, टपावर गादी. अण्णा प्रत्येक फेरीला विचारत, "ॲव्हरेज किती देते?" सातव्या फेरीला भुईगावकर नव्या इमारतीच्या स्टिल्टखाली शिरला, आपल्या जागेवर वळला आणि ब्रेक दाबून थांबला.

शेजारच्या जागेत त्याची जुनी गाडी. तीच. बंपरवर डाव्या हाताला तोच ओरखडा, भुईगावच्या सुरूच्या झाडाने दिलेला. मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'मधला अर्धा आशीर्वाद खरवडलेला. नवा मालक तिसऱ्या मजल्यावरचा. तो खाली आला, खिशातून किल्ली काढली, बटण दाबलं. 'टुंग टुंग'. मग छोट्या गाडीकडे, टपावरच्या गादीकडे, आणि सावकाश भुईगावकराकडे बघितलं.

"काका, जरा पलीकडे सरकवून लावाल का? माझी मोठी गाडी आहे."

(प्रयोग करणारा खिशातून शिंप्याची टेप काढतो, एक टोक दाताखाली धरतो, दुसरं सोडत सोडत विंगेत चालत जातो. आतून त्याचा आवाज: "तीन हजार नऊशे पंच्याण्णव!" 'टुंग टुंग'. अंधार.)