एका गुंठ्यात एक हापूस

कोकणात मे महिन्यात दोन उद्योग जोरात असतात. एक आंबे खाणं आणि दुसरा, यंदा पावसाला कुठे काय लावायचं ते ठरवणं. दोन्ही झोपाळ्यावर बसून करता येतात. अडचण एवढीच की पहिल्याचा अंमल दुसऱ्यावर चढतो. कोपरापर्यंत रस ओघळलेला माणूस आंब्याची झाडं कधी बेताने सांगेल का?

आमचं परस पाच गुंठ्यांचं. चौकटीच्या वहीचं पान फाडून त्यावर ते काढलं की फार ऐसपैस दिसतं. मग यादी सुरू होते. हापूस, पायरी, लोणच्यासाठी एखादा रायवळ, कापा फणस, काकांना कापा आवडत नाही म्हणून बरका फणस, नीरफणस, नारळ, सुपारी, कोकम, चिकू, लिंबू, जांभ. शेवगा कुंपणाबाहेर, कारण दारात शेवगा असला की घरात भांडणं होतात असं म्हणतात. आमच्याकडे तो नसतानाही होतात, पण विषाची परीक्षा कशाला? मग कुणाला तरी काजू आठवतो. ‘तो काय, कडेला येईल.’ एव्हाना सगळंच कडेला गेलेलं असतं, आणि परसाला कडा चारच.

यावर उतारा गणिताचा. हापूसच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवावं, हा जुना नेम. म्हणजे एका झाडाला शंभर चौरस मीटर. आणि गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटरच्या आसपास. हिशेब इतका चोख बसतो की अंगावर काटा येतो: एका गुंठ्यात एक हापूस. पाच गुंठ्यांत पाच, आणि बाकीची यादी रद्द. नारळाला साडेसात मीटर, म्हणजे गुंठ्यात धड दोनही नाहीत. त्यातल्या त्यात सुपारी समजूतदार. पावणेतीन मीटरवर गप्प उभी राहते.

पण खरी मेख पुढेच आहे. शंभर चौरस मीटरच्या मधोमध हातभर उंचीचं, सात-आठ पानांचं कलम लावून बघा. ते इतकं एकटं दिसतं की बघणाऱ्याला गलबलून येतं. मग सोबतीला चिकू. चिकूला सोबत म्हणून लिंबू. झाड लावताना माणूस समोरच्या रोपाकडे बघतो. पंधरा वर्षांनी ते केवढं होईल ते त्याला पाठ असतं, पण दिसत नसतं. हल्ली पाच मीटरवर घन लागवड करा असंही सांगतात, आणि ते ऐकून आमच्यासारख्यांना सरकारी परवाना मिळाल्यासारखं वाटतं. त्यात दरवर्षी छाटणी करायची असते, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. धरत्या आंब्याची फांदी तोडायला कोयता उचलेल असा हात आमच्या घरात तरी नाही.

रोपवाटिकेत गेलं की बेताला आणखी फाटे फुटतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 सालचं. तिथल्या लोकांनी हापूसच्या खोडी दूर करण्यात हयात घालवली. हापूस एक वर्ष भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवतो, म्हणून त्यांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो दरवर्षी धरतो. रत्ना पुन्हा हापूसशी जुळवून ‘सिंधू’ केला, त्याची कोय अगदी पातळ, जवळजवळ नावालाच. गिऱ्हाईक हे सगळं मान डोलावत ऐकतं, दोन शंका विचारतं, आणि टेम्पोत हापूस भरून घरी येतं. लहरी माणसावर जीव जडतो तसंच हे. मी दरवर्षी रत्नाची बाजू मांडतो आणि दरवर्षी मतदानात पडतो.

कलम घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. जोडाच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधलेली असते. जोड एकजीव झाला की ती कापून काढायची, नाहीतर खोड जाड होईल तसतशी ती आत रुतते. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. आणि जोडाखालून धुमारा फुटला की नखानेच खुडायचा, कारण तो खालच्या रायवळाचा. मुंबईहून गणपतीला आलेली मंडळी नेमका तोच कौतुकाने कुरवाळतात. ‘काय जोम आहे बघा!’ जोम असतोच. पाच-सहा वर्षांनी त्याला आंबट, रेषाळ आंबे लागतात आणि रोपवाटिकेवाल्याला शिव्या बसतात.

खड्डे मे महिन्यातच मारायचे, मीटरभर लांब, रुंद, खोल, आणि पावसापर्यंत उन्हात तापत ठेवायचे. हे कागदावर. प्रत्यक्षात दीड-दोन फुटांवर तांबडी माती संपते, टिकाव ठण्णकन वाजतो आणि खणणारा बाबू न बोलता वर बघतो. त्या क्षणी नकाशा हलतो. हापूस विहिरीकडे सरकतो, विहिरीकडचा नारळ गोठ्याकडे, आणि गोठ्याकडे खतखड्डा असल्याने काका हरकत घेतात. ती हरकत रास्त असते. गेंडा भुंगा शेणखतातच अंडी घालतो आणि मोठा झाला की नारळाचा शेंडा पोखरतो. त्याच्या शेजारी नारळ लावणं म्हणजे त्याला जेवायला उठून लांब जायचीही तसदी न देणं. कधीही न हलणारी जागा एकच, मोरीच्या पाण्यावरची अळू-केळ. ती कुणी आखलेली नसते.

भाजीपाल्याला तर आमच्या नकाशात स्थानच नसतं. ते खातं वहिनींचं आणि त्यांच्याकडे कागद नाही. तवशाचं बी राखेत घोळवून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवलेलं असतं, पडवळाचं पुरचुंडीत, आणि बियांसाठी राखलेला दोडका वाशाला टांगलेला, हलवला की आत खुळखुळणारा. पहिला पाऊस पडून माती मुरली की त्या भिंतीचा पोपडा नखाने सोडवतात आणि तासाभरात आळी करून मोकळ्या होतात. श्रावणात भाजी त्यांच्याच मांडवाची खातो. माकडांचा वाटा त्या आधीच धरतात, म्हणून त्यांच्या हिशेबात तूट येत नाही.

आता रोहिणी लागल्यात. मृग सात-आठ जूनला निघेल. पंचांगात यंदा त्याचं वाहन काय आहे यावर पडवीत चर्चा झडते आहे. बेडूक असेल तर पाऊस भरपूर, असा काकांचा ठाम विश्वास. गाढव निघालं की त्यांचाच पंचांगावरचा विश्वास उडतो.

नकाशा अंतिम झाला म्हणून मी तो पडवीत चिकटवला, तेवढ्यात शेजारच्या काकू कोकमाची दोन रोपं घेऊन आल्या. घरच्या बियांची. कोकमात नर-मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलं आल्यावर, सहा-सात वर्षांनी. म्हणून तर आम्ही मादी झाडाच्या काडीची कलमं सांगून ठेवली होती. हे सगळं मी त्यांना शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

काकूंनी नकाशा नीट पाहिला. ‘सगळ्या बायकाच लावताय होय? मग धरणार कशा?’ त्या म्हणाल्या. ‘एखादा गडीमाणूस नको?’

पुस्तकातही तेच लिहिलंय, थोडे नर ठेवावेत म्हणून. बाबूला हाक मारली आणि कुंपणालगत आणखी दोन खड्डे सांगितले. कडेला.