फेरसामना जिंकून कसा द्यावा : आदिलाबादच्या मराठी प्रेक्षकांसाठी मार्गदर्शिका

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत प्रो कबड्डीच्या दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पुणेरी पलटणने तेलुगू टायटन्सना ५०-४५ असं हरवलं. जगाच्या दृष्टीने विषय तिथे संपला. आदिलाबाद जिल्ह्यात तो सुरू झाला. वेचणीचे दिवस, कापसाला ओल किती, व्यापारी भाव किती पाडणार, या सगळ्या चर्चा बाजूला पडून पारापारावर एकच प्रश्न : पुढच्या गाठीला पलटणला अडवायचं कसं? टायटन्सच्या प्रशिक्षकांनी आपला सल्ला मागितलेला नाही, ही अडचण किरकोळ आहे. सल्ला तयार असणं महत्त्वाचं. म्हणून ही मार्गदर्शिका.

प्रथम निष्ठा निश्चित करावी. हैदराबादच्या किंवा पुण्याच्या माणसाला हे काम नसतं, ते जन्मतःच उरकलेलं असतं. जैनद, बेला, तामसी, तलमडगूकडच्या मराठी घरात ते दर मोसमात नव्याने करावं लागतं. राज्य तेलंगणा, घरातली बोली मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर दख्खनी हिंदी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, आपण इकडे राहिलो. पैनगंगेच्या अल्याड-पल्याड एकाच आडनावाची घरं आहेत. अल्याडचे टायटन्स, पल्याडचे पलटण, असं सोपं गणित कोणी मांडू पाहील तर मांडू द्यावं. लग्नसराईत ते आपोआप मोडतं.

निष्ठेचा पुरावा मागितलाच तर एक मुद्दा हाताशी ठेवावा. तेलंगणा राज्य २ जून २०१४ ला झालं आणि प्रो कबड्डीचा पहिला मोसम त्याच वर्षी जुलैअखेर सुरू झाला. राज्य आणि लीग एका वयाची आहेत. आपल्या पोरांनी दोन्ही बरोबरच वाढताना पाहिली. हा मुद्दा बिनतोड नाही, पण ऐकणारा क्षणभर गप्प होतो आणि तेवढ्यात विषय बदलता येतो.

‘जो चांगला खेळेल तो जिंको’ म्हणणाऱ्यांना टीव्हीच्या खोलीत घेऊ नये. त्यांना ओसरीवर बसवावं, चहा तिथेच द्यावा.

आता मुख्य अडथळ्याकडे वळू. प्रत्येक घरात तो असतो, आमच्या घरात तो पुण्याहून येतो. आमचे भाऊजी. भाऊबीज २३ तारखेला झाली, ताई चार दिवस जास्त राहिली, आणि तिला न्यायला म्हणून भाऊजी नेमके क्वालिफायरच्या तोंडावर हजर झाले. योगायोग म्हणावा तर तिकीट महिनाभर आधी काढलेलं. ते पलटणचे असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. माणूस पुण्यात राहून दुसरं काय करणार? तक्रार पुढची आहे. भाऊजी सामना बघत नाहीत, समजावून सांगतात. प्रत्येक वाक्य ‘तांत्रिकदृष्ट्या’ या शब्दाने सुरू होतं. चढाईपटू मध्यरेषेवर परत येऊन पाणी प्यायला तरी त्यांचं ‘तांत्रिकदृष्ट्या’ चालूच. या गृहस्थांनी आयुष्यात मातीवर पाय ठेवून एकदाही ‘कबड्डी’ म्हटलेलं नाही, हे ताई खासगीत कबूल करते.

अशा प्रतिस्पर्ध्याशी कसं लढावं? इथे आपली सगळी शस्त्रं म्यान आहेत. ते जावई. त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं, उठून पाट द्यायचा, आणि पलटणने लोण चढवला की ‘वा भाऊजी’ही म्हणायचं. ‘गप बसा’ म्हणता येत नाही. ‘काहून उगाच बोलून राहिले?’ हे तर मनातल्या मनातही हळू म्हणावं लागतं, कारण आईला मनातलं ऐकू येतं. म्हणून शास्त्र असं सांगतं की जावयावर चाल नेहमी स्वयंपाकघरातून करावी. रिव्ह्यू घेतला गेला आणि भाऊजींनी ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणायला तोंड उघडलं, की गरम भजं पुढे करावं. भजं गार करून चालत नाही. गार भजं खाता खाता माणूस बोलू शकतो.

मोबाईलवर सामना बघणाऱ्याला पुढच्या खोलीत मज्जाव करावा. मोबाईलचं चित्र टीव्हीच्या मागून येतं, त्याला आनंद उशिरा होतो आणि सगळ्यांना दोनदा दचकावं लागतं. उलट शेजारचा टीव्ही आपल्या पुढे असेल तर त्यांच्या ओरडण्यावरून निकाल आधी कळतो. अशा वेळी त्यांच्याकडेच जाऊन बसावं, मान-अपमान पाहू नये.

समालोचन तेलुगू ठेवावं. भाऊजींना कळत नाही.

आता प्रत्यक्ष डावपेच. त्या रात्री सुरुवातीला टायटन्स चांगलेच पुढे होते. भाऊजींचं भजं हातातच राहिलं होतं, इतके पुढे. मग पलटणकडून आदित्य शिंदे सुटला आणि त्याने एकट्याने २२ गुण मिळवले. टायटन्सकडून भरत हुड्डाने २३ मिळवले, म्हणजे त्याच्यापेक्षा एक जास्तच. मग हरलो कसे? इथे भाऊजींनी बरंच तांत्रिक सांगितलं, ते मी लिहून घेतलेलं नाही. आमचे बाबा कोपऱ्यात बसले होते. बाबा तरुणपणी पऱ्हाट्या उपटून झाल्यावर मोकळ्या काळ्या वावरात हुतूतू खेळत. त्या जमिनीवर पडलं की ढेकूळ बरगडीत रुतायचं. त्यांचे गुडघे अजून त्याची साक्ष देतात. बाबा सबंध सामन्यात एकच वाक्य बोलले : ‘एक बैल किती ओढील?’

सगळा डावपेच या वाक्यात आहे, फक्त तो उलगडून सांगावा लागतो. संघाच्या ४५ गुणांतले २३ एकाच गड्याचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. तो आत असतो तोवर ठीक. तो पकडला गेला की बाहेर बसतो आणि आपल्या कोणी समोरचा गडी बाद केल्याशिवाय आत येत नाही. तो बाहेर असतो तेवढा वेळ संघ निम्मा असतो. समोरच्याने त्याला एकदा उचलायचं आणि मग उरलेल्यांना सावकाश सोलायचं. पलटणची गोष्ट वेगळी. त्यांनी ‘युवा पलटण’ म्हणून पोरांची फळी आधीपासून तयार केली. शिंदे दमला तर पंकज मोहिते, शिवाय अस्लम इनामदार. कोणाला धरायचं हेच बचावाला ठरवता येत नाही. तेव्हा पलटणविरुद्ध पहिला उपाय बचावाचा नाहीच. आपला दुसरा चढाईपटू उभा करणं, हा आहे.

दुसरा उपाय घड्याळाचा. चढाई तीस सेकंदांची. शेवटची पाच मिनिटं राहिली म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण दहा चढाया, आपल्या वाट्याला पाच. पाच गुणांनी मागे असू तर प्रत्येक चढाईत एक गुण आणायचा आणि समोरच्याला एकही द्यायचा नाही. हे गणित भाऊजींनी बरोबर केलं, हे इथे नोंदवणं भाग आहे. पुढे असलेला संघ दोन चढाया रिकाम्या काढतो, निदानरेषा ओलांडून परत येतो, तीस सेकंद पुरते वापरतो. तिसऱ्या चढाईत मात्र त्याला गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. मागे असलेल्या संघाने पकडीची सगळी ताकद त्या तिसऱ्या चढाईसाठी राखून ठेवायची. पहिल्या दोनमध्ये उतावीळपणे झेप घेणारा कोपऱ्याचा गडी समोरच्याला फुकट गुण देतो. आमच्याकडे गणपतीतल्या सामन्यांत असे गडी भरपूर दिसतात. त्यांना टाळ्या सर्वात जास्त मिळतात.

तिसरी गोष्ट बोनसची. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो. म्हणून आपले पाच उरले की समोरच्याचा एक मार्ग आपोआप बंद होतो. तीन किंवा कमी उरले आणि पकड झाली तर अव्वल पकडीचा एक गुण वर मिळतो. घाबरून लोण लवकर ओढवून घेणाऱ्यांना हे समजावून सांगावं. लोणाचे दोन गुण समोरच्याला जातात खरे, पण त्याआधी दोन अव्वल पकडी झाल्या तर हिशेब फिरतो. बाबा म्हणतात, तिघांनी साखळी करून उभं राहावं, मधल्याने हात सोडू नये. मॅटवरही ते तसंच आहे.

‘टायटन्समध्ये तेलुगू कोण आहे?’ हा भाऊजींचा आवडता प्रश्न. कप्तान विजय मलिक हरियाणाचा, भरत हरियाणाचा. यावर उत्तर देऊ नये. उलट विचारावं : २०१९ साली सिद्धार्थ देसाई कुठे होता? कोल्हापूरचा हा गडी त्या वर्षीच्या लिलावात सर्वात महाग, १ कोटी ४५ लाखांना टायटन्सनी घेतला. आदिलाबादच्या मराठी घरांत त्या मोसमात निष्ठेचा प्रश्नच उरला नव्हता. मराठी पोरगा, तेलुगू जर्सी. आमची आई, जिला कबड्डीत रस नाही, तीही विचारायची, ‘आपल्या देसायाचं काय झालं?’

पूर्वेतिहासाची शस्त्रं जपून वापरावीत, त्यांना दोन्हीकडून धार असते. भाऊजी चढले की २१ मे २०१७ ची आठवण काढावी. आयपीएलचा अंतिम सामना, मैदान हैदराबादचं उप्पल. पुण्याच्या संघाने त्या मोसमात मुंबईला तीनदा हरवलं होतं, त्यातलं एक क्वालिफायरमध्ये. चौथ्यांदा गाठ पडली तेव्हा मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. फेरसामना म्हणजे काय, हे पुण्याला हैदराबादेत कळलं. यावर भाऊजी १ मार्च २०२४ काढतील, त्याची तयारी ठेवावी. त्या दिवशी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ हरवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि तेही हैदराबादेत, गच्चीबोवलीला, टायटन्सच्या घरात. ही तारीख निघाली की आईकडे बघावं. आई भजी आणते.

२०१५ च्या उपांत्य फेरीत टायटन्स बंगळूरुकडून ३९-३८ असे एका गुणाने हरले. तो विषय घरात काढायचा नाही, कोणीही.

आता थोडं मनातलं. टायटन्सचा चाहता असणं हे काम सोपं नाही हो. आठव्या मोसमात बावीस सामन्यांत एक विजय, नवव्यात दोन, दहाव्यात दोन. दहाव्यात पवन सेहरावतला दोन कोटी साडेसाठ लाखांना घेतलं, तरीही विजय दोनच. त्या काळात पुण्याहून एकच माणूस सामन्याच्या रात्री न चुकता फोन करायचा : ‘काय, आज तुमच्यांचं कसं?’ टिंगल करायलाच करायचे. पण करायचे. इथले टायटन्सचे कितीतरी भक्त तोवर क्रिकेटला परत गेले होते. २०२५ मध्ये, २०१६ नंतर पहिल्यांदाच, संघ बाद फेरीत आला तेव्हा पहिला फोन भाऊजींचाच. आणि ५०-४५ झाल्यावर ते एकदाही ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणाले नाहीत. बाबांना म्हणाले, ‘मामा, तुमची पोरं छान खेळली.’ दोन दिवसांनी अंतिम सामन्यात दिल्लीने पलटणला ३१-२८ हरवलं, तेव्हा मीही फोन केला. फार आनंद दाखवला नाही. थोडाच दाखवला.

कबड्डीचा विषय निघाला की अमरावतीकडचे लोक मात्र १९३६ सालचं काढून बसतात. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली होती, हे खरं आहे. त्यांचा मान ठेवावा. पण टायटन्सच्या दुसऱ्या चढाईपटूचा प्रश्न त्याने सुटत नाही.

निकाल आधीच सांगून ठेवतो. पुढच्या गाठीला टायटन्स जिंकतील, भरतच्या जोडीला दुसरा भरवशाचा चढाईपटू उभा राहिला तर. नाही राहिला तर पलटण, आणि पाचापेक्षा जास्त गुणांनी. भाऊजींना यातलं टायटन्सचं वाक्यच सांगावं, तेही स्वल्पविरामाच्या अलीकडचं.