पोरांना बाजू घेऊ द्या

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी लिहिला आणि त्याचा शेवटही सगळ्यांना पाठ आहे. विज्ञान वाईट नाही, वापरणारा वाईट. अति तेथे माती. संपला निबंध! प्रश्न सरळ होता, दोनांतले एक निवडायचे होते. मुलाने काहीच निवडले नाही आणि तरी त्याला चांगले गुण मिळाले.

यात मुलाचा दोष नाही. त्याला शिकवले तेच त्याने केले. सुरुवात सुविचाराने कर, मग फायदे लिही, मग तोटे लिही, शेवटी संदेश दे. या चार पायऱ्यांत ‘तुला काय वाटते आणि का?’ ही पायरीच नाही. म्हणून तर गाइडातला निबंध जसाच्या तसा उतरवता येतो. निबंधाला स्वतःची भूमिका लागते असे शिकवले असते, तर दुसऱ्याचा निबंध उतरवून कोणाचे भागले नसते.

वैचारिक निबंध एका वाक्यावर उभा राहतो. त्या वाक्यात लिहिणारा काहीतरी ठाम म्हणतो, ते का म्हणतो हे सांगतो आणि ते नाकारणारा कोणीतरी समोर असतो. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. ‘पाणी हे जीवन आहे’ हे खरेच आहे, पण त्याला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. ज्या विधानाला विरोधक नाही त्याला पुरावा लागत नाही. मग मूल पानभर पाण्याचे उपयोग मोजत बसते.

ही रीत आपल्याला परकी नाही. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यातले म्हणणे एका दमात सांगता येते : सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. कारण आहे, मागणी आहे. विरोधकही आहेत : वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, असे मानणारे. फुल्यांनी आयोगाला ‘शिक्षणाचे महत्त्व’ लिहून दिले नाही.

1897 साली रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यावर दडपशाही सुरू केली, तेव्हा ‘केसरी’च्या अग्रलेखाचा मथळा होता ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. नुसता मथळा वाचला तरी टिळक कोणाशी आणि कशावरून भांडताहेत ते कळते. 1916 साली कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. रंगाला आणि वंशाला अवास्तव महत्त्व देणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांना खोडून काढत, जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी मांडले. सबंध निबंध त्या विधानाभोवती बांधलेला आहे. या तिघांच्या जयंतीला आपण मुलांकडून भाषणे पाठ करून घेतो. त्यांच्यासारखे मत मांडायला मात्र शिकवत नाही.

आणि हे शिकवता येते. फळ्यावर विषय लिहा : पाणीटंचाई. पहिले वाक्य येईल, ‘पाणी वाचवले पाहिजे.’ विचारा, कोणी? उत्तर येईल, ‘शेतकऱ्यांनी.’ विचारा, कुठल्या भागातल्या आणि कोणत्या पिकाला? मग एखादी मुलगी म्हणेल, ‘मराठवाड्यातल्या टंचाईला कमी पावसाइतकाच ऊसही जबाबदार आहे, म्हणून तिथे ठिबकाशिवाय ऊस लावू देऊ नये.’ वर्गात गलका होईल. ज्याच्या घरी ऊस आहे तो उठून म्हणेल, उसाला निदान ठरलेला दर तरी मिळतो, तुरीचे भाव पडले तर आम्ही काय खायचे?

निबंध इथे सुरू झाला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी का न्यावे लागले, हे आता तिला शोधावे लागेल. त्याच्या प्रश्नाला उत्तरही द्यावे लागेल. कदाचित तिचे विधान बदलेल आणि बंदीच्या आधी ती तुरीच्या खरेदीची हमी मागेल. बदलू द्या. पुरावा पाहून स्वतःचे मत दुरुस्त करणारी मुलगी निबंधापेक्षा पुष्कळ मोठे काही शिकली.

शिक्षकांची अडचण मला कळते. भरलेला वर्ग, वह्यांचे गठ्ठे, त्यात अभ्यासक्रम संपवायची घाई. म्हणून आठवड्यातून एकदा अख्खा निबंध मागूच नका, एकच वाक्य मागा. सगळ्या वर्गाची वाक्ये एका तासात वाचून होतात. प्रत्येकापुढे दोनच प्रश्न लिहा : ‘कशावरून?’ आणि ‘याला कोण नाही म्हणेल?’ शिवाय तुमच्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या विधानाला, कारण पक्के असेल तर, पूर्ण गुण द्या. सगळे घोडे इथेच अडते. सरांच्या मताला मान डोलावली की गुण मिळतात, हे मुलांना पहिल्या चाचणीतच उमगते. मग साऱ्या वर्गाचे मत एकच होते.

फायदे-तोटे शेजारी शेजारी मांडून निघून जाण्याला समतोल म्हणत नाहीत. दोन्हीकडचे पुरावे तोलून निकाल द्यावा लागतो आणि त्या निकालाची जबाबदारी घ्यावी लागते. हीच मुले अठराव्या वर्षी ग्रामसभेत बसणार आहेत. निधी शाळेच्या खोल्यांना द्यायचा की सभामंडपाला, यावर तिथे हात वर करायचा असतो आणि सरपंचाने विचारले तर का, तेही सांगायचे असते. ती तोंडे तेव्हा उघडायला हवी असतील, तर येत्या सोमवारच्या तासाला ते एक वाक्य मागा.