आधी हजेरीत नाव लिहा

कर्नाटकातल्या निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला सुटायच्या वेळेनंतर थांबवून घेतलं, तर त्या जादा तासाचे पैसे दुपटीने द्यावे लागतात. तो तिचा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ला वेतन संहिता लागू झाली. किमान वेतन बुडालं तर दावा लावायला जुन्या कायद्यात सहा महिने मिळत, आता तीन वर्षं मिळतात. पैसे दिले हे शाबीत करायची जबाबदारीही मालकावर आली. चांगलंच झालं. पण मालक म्हणाला, ‘ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच,’ तर? हजेरीत नाव नाही, हातात पगाराची चिठ्ठी नाही. दावा तिथेच अडतो. घरी विड्या वळणारीचं तर आणखी कठीण. पान-तंबाखू देतो मुकादम, खराब म्हणून विड्यांची छाट काढतो मुकादम आणि कारखानदार म्हणतो, आम्ही तिला ओळखत नाही!

या बायांचं नाव हजेरीत नाही, तसं आठवणीतही नाही. १९८१चं निपाणीच्या शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन आणि त्यातला गोळीबार महाराष्ट्राला आठवतो. शेतकऱ्यांचं रक्त सांडलं, आठवायलाच हवं. पण तोच तंबाखू वखारीत नाकातोंडाला पदर बांधून चाळणाऱ्या बायाही त्याच काळात प्रा. सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटना बांधून उभ्या राहिल्या. ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. त्यांची नावं आपल्या किती सभांमध्ये घेतली जातात?

निपाणी ज्यात येते तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न १९५६पासून धुमसतोय, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यासाठी मोर्चे निघतात, निघावेत. पण मराठी पुढाऱ्यांना आणि कन्नड पुढाऱ्यांनाही माझा एकच सवाल आहे: वखारीचं हजेरीबुक दाखवा, म्हणून तुम्ही कधी दारात बसलात का? मजुरी बुडवताना मालक बाईची भाषा विचारत नाही.

कामगार निरीक्षकांनी काम चालू असताना वखारीत जावं आणि बायांनाच विचारून नावं टिपून घ्यावीत. दाव्याचा अर्ज कन्नडबरोबर मराठीतही मिळावा. आणि बायांनो, तोवर शाळेतल्या पोराची एक वही घ्या. तारीख, आत गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, हातात पडलेले पैसे रोज लिहा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या, खाली दोघी शेजारणींचे अंगठे घ्या. मालकाने नाही म्हटलं, तर पुढे ठेवायला तेवढं तरी हाताशी असेल.