२९ मिलिमीटरचा कान

भाऊंचं घर मलकापूर स्टेशनापासून अशा अंतरावर आहे, की एक्स्प्रेस गेली तर ती खिडकीतून ऐकू येते आणि मालगाडी गेली तर फरशीतून. एक्स्प्रेसबद्दल भाऊंचं काही म्हणणं नाही. तिला वेळापत्रक असतं, तेवढी मिनिटं सोडून माणूस आपलं ऐकणं आखू शकतो. मालगाडीचं तसं नाही. भाऊ डोळे मिटून तंबोऱ्याच्या खर्जात उतरलेले असतात आणि नेमक्या त्याच खर्जात कोळशाचे डबे भुसावळच्या दिशेनं निघतात. मुंबईहून आलेले रूळ १८६७ साली नागपूरला पोचले, ते मलकापूरवरून. ही हकीकत भाऊ अशा सुरात सांगतात, की रूळ टाकण्याआधी कोणीतरी येऊन यांना विचारायला हवं होतं असं आपल्यालाही वाटू लागतं.

धंद्यानं भाऊ कापसाचे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनींत धरायची, ओढायची, एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची. तंतू सरळ रेषेत आले की बोटावर उरलेल्या पट्टीकडे एकवार पाहायचं आणि म्हणायचं, "एकोणतीस." म्हणजे धाग्याची लांबी २९ मिलिमीटर. यंत्र नंतर तेच सांगतं, पण यंत्राला वीज लागते. या कामात भाऊंचा शब्द जिनिंगवाले मानतात. त्याचा परिणाम असा झाला, की जगातल्या कोणत्याही दोन वस्तूंत फरक हा असतोच, आणि ज्याला तो कळत नाही त्याच्या बोटांत काहीतरी कमी आहे, असा भाऊंचा कायमचा समज झाला. हा समज कापसापुरता राहिला असता तर वहिनींची तूरडाळ वाचली असती.

तूरडाळीचं सांगतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं १९९७ साली एचडी ६०० नावाचा हेडफोन काढला. शौकिनांत अजूनही त्याचं नाव निघालं की लोक जरा सावरून बसतात. वजन २६० ग्रॅम, कानाभोवती मखमली गाद्या, आणि पाठ बंद नाही, जाळीची. आतला आवाज बाहेर, बाहेरचा आत. पाठ उघडी असल्यामुळे गाणं डोक्यात कोंडत नाही, समोर मांडल्यासारखं ऐकू येतं. मात्र नवा असताना तो डोकं असा आवळतो, की कानशिलं ठणकायला लागतात. यावर जगभरचा उपाय एकच: पट्टी पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवायची. भाऊंच्या घरात तेवढी पुस्तकं नव्हती. तूरडाळीचा डबा मात्र त्यांच्या डोक्यापेक्षा बोटभर रुंद निघाला. हेडफोन डब्यावर चढला तो झाकणासकट, आणि पट्टी सैल होईपर्यंत झाकण काढायची सोय राहिली नाही. मी जेवायला गेलो त्या दिवशी ताटात मुगाचं वरण होतं.

"भाऊजी, डब्याले गाणं आयकवून राह्यले हे," वहिनी म्हणाल्या.

"आयकवत नाही, मोकया करून राह्यलो," भाऊ म्हणाले. "डोक्याले टोचला तर आवाज काय आयकू येईल, गड्या? आधी आराम, मग राग."

वहिनींनी सगळ्या प्रकाराला आक्षेप घेतला तेव्हा भाऊंनी इतिहास काढला. अमेरिकेत युटा राज्यात नॅथानियल बाल्डविन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९१० च्या सुमारास चांगल्या दर्जाचे हेडफोन बनवले ते घरच्या स्वयंपाकघरात, आणि तिथून थेट नौदलाला पाठवले. म्हणजे हेडफोनचा जन्मच मुळी स्वयंपाकघरातला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याच्या बायकोनं कुठं रांधलं?" या मुद्द्यावर इतिहासाची मदत झाली नाही.

किंमत भाऊ रुपयांत सांगत नाहीत. "चार क्विंटल," म्हणाले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलमागे ८,११० रुपये. गुणाकार ज्यानं त्यानं करावा. कोरडवाहू एकरात एवढा कापूस निघाला तरी इकडचा शेतकरी वर्ष बरं गेलं म्हणतो. तेव्हा भाऊ हेडफोन लावून बसले की डोक्यावर एकरभर पीक असतं. तेवढ्यानं भागलं असतं तरी चाललं असतं. पण हा हेडफोन ३०० ओहमचा, मोबाइलला तो नीट ओढवत नाही. आवाज येतो पण उपाशी येतो. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आला, त्याच्याआधी बसणारा, आकड्यांचा आवाज करणारा डॅक आला. "चार क्विंटलच्या बैलाले तीन क्विंटलचा गोठा," वहिनी म्हणाल्या, आणि एकूण हिशेब त्यांनी बरोबर केला होता.

आता खरी अडचण. उघड्या पाठीच्या हेडफोनला शांतता लागते. मे महिन्यात मलकापूरचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, घरोघरी कूलर फिरतो, आणि पत्र्याच्या कूलरची घरघर जाळीतून आत येऊन गवयाच्या मागे तिसरा तंबोरा धरून बसते. कूलर बंद केला तर आवाज स्वच्छ होतो आणि माणूस शिजतो. हिवाळ्यात कूलर नसतो, पण तेव्हा कापसाचा हंगाम. जिनिंग रात्री उशिरापर्यंत चालते आणि भाऊ स्वतःच तिथं असतात. पावसाळ्यात जिनिंग बंद, कूलर बंद, आणि शेजाऱ्यांच्या पत्र्यांवर पाऊस. वर बेडूक. एका वर्षी तर भाऊ हेडफोन घेऊन घाट चढले. आम्ही घाटाखालचे, मोताळ्याच्या पुढं राजूर घाट चढला की बुलढाण्याची हवा लागते, थंड आणि निवांत. एका वळणावर गाडी उभी करून भाऊ दगडावर बसले, डोळे मिटले. दर थोड्या वेळानं एखादा ट्रकवाला ब्रेक दाबी आणि खिडकीतून विचारी, "गाडी बंद पडली का भाऊ?" एवढी माणुसकी त्या रस्त्यावर असेल याचा भाऊंना अंदाज नव्हता.

मग बंद पाठीचा, कातडी गाद्यांचा हेडफोन आला. त्यात मालगाडी बरीच अडते. पण तो उन्हाळ्यात आला. कातडी गादी कानाला घट्ट बसते, आत हवा खेळत नाही, आणि तबला लागायच्या आत कानामागून धार लागते. इथं भाऊंमधला ग्रेडर जागा झाला. रुईच्या नोंदींची एक जुनी वही होती, रकाने छापलेले: ओलावा, कचरा, लांबी, ताकद, मायक्रोनेअर. त्याच वहीत त्यांनी हेडफोनची तुलना मांडली. मी ती पाहिली आहे आणि इतकी प्रामाणिक समीक्षा अन्यत्र वाचल्याचं मला आठवत नाही. बंद हेडफोनपुढं 'ओलावा' या रकान्यात लिहिलं होतं, "विलंबित संपायच्या आत. माल परत." मखमली गादीपुढं, "कोरडा. पण मांजराचे केस धरते." 'कचरा' म्हणजे बाहेरून मिसळलेले आवाज: "कूलर, बेडूक, पाहुणे." 'ताकद' म्हणजे पट्टीची पकड, चष्म्यासह आणि चष्म्याविना, दोन स्वतंत्र आकडे. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथं फट पडते आणि खर्ज गळतो, हे भाऊंचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरचा उपाय म्हणून ते चष्मा काढून ऐकतात, आणि मग रिमोट समजून वहिनींचं कंगव्याचं घर उचलतात.

पुण्याचा भाचा दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडे बाहेरचा आवाज खोडून टाकणारा हेडफोन होता. भाऊंना त्यामागची गोष्ट पाठ होती. अमर बोस, वडील बंगालहून अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये झ्युरिकहून परतताना विमानात त्यांनी हेडफोन लावला, इंजिनाच्या घरघरीत गाणं बुडालं, आणि त्या प्रवासातच त्यांनी उलट्या लहरीचं गणित मांडायला घेतलं. बाहेरचा आवाज छोट्या माइकनं ऐकायचा, त्याची उलटी लहर बनवून कानात सोडायची. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. भाऊंनी तो लावला. त्याच वेळी मालगाडी गेली असावी, कारण भाऊंचा चेहरा उजळला आणि फरशी हलत होती. पण ही युक्ती जाड, एकसुरी आवाजावर चालते. माणसाच्या बोलण्यावर तिचा जोर कमी पडतो. स्टेशन नाहीसं झालं, रस्ता नाहीसा झाला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत वहिनींचं वाक्य पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ आलं: "गॅस सिलिंडरवाल्याले पैसे द्या." भाऊंनी हेडफोन काढून भाच्याला परत दिला. "तपशील फार आहे यात," म्हणाले.

शंभर तासांचा प्रकार मला आजही नीट कळलेला नाही. नवा हेडफोन म्हणे वाजवून वाजवून मुरवावा लागतो. तासन् तास त्यात एकसारखा फसफस आवाज सोडून ठेवायचा. याचा खरोखर उपयोग होतो की ऐकणाऱ्याच्या कानाला सवय होते, यावर शौकिनांत दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटावर आहे, पण भाऊंना बोललो नाही. वहिनी बोलल्या. तो फसफस आवाज त्यांनी कानाला लावून पाहिला. म्हणाल्या, "हा तर आपला कूलर आहे. मग त्याच्यापुढंच ठेवायचा होता की, वीज तरी वाचली असती!"

हे सगळं झालं आवाजाचं आणि आरामाचं. गाण्याचं काय? तर भाऊ गाणं ऐकत नाहीत असं मी म्हणणार नाही. ते गाण्याची सुरुवात ऐकतात. किशोरीताई आमोणकरांच्या रेकॉर्डिंगमध्ये आरंभी नुसता तंबोरा असतो तेवढा भाग त्यांनी किती हेडफोनांतून ऐकला असेल याची मोजदाद नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली, घोडीवर, बारीक दोरा सरकवतात. तो जागेवर बसला की तार झणझणायला लागते. हा दोरा सुताचा किंवा रेशमाचा. एका रात्री, एक्स्प्रेस आणि मालगाडी यांच्या मधल्या फटीत, भाऊंनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आयक. सुताचा आहे."

मी ऐकलं. तंबोरा छान होता.

"आता नीट आयक. एकोणतीस."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"कदाचित अठ्ठावीस," असं मी मुद्दाम म्हणालो. भाऊंनी हेडफोन काढून घेतला, स्वतः लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "डाव्या कानात अठ्ठावीस वाटते खरं."

यानंतर सूर लागतो, आलाप सुरू होतो, आणि भाऊ तिथं थांबवतात. कारण आता दुसरा हेडफोन लावून तेवढंच पुन्हा ऐकायचं असतं. मग पहिला पुन्हा, कारण दुसरा ऐकताना पहिला विसरला. मी एकदा विचारलं, "भाऊ, द्रुत कशी घेतात पुढं?" तर त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल दिसलं. "द्रुत आहे का यात?" रेकॉर्डिंग त्यांच्याकडे कॅसेटच्या काळापासून आहे.

गेल्या वर्षी आईला मोबाइलवर कीर्तन ऐकायला काहीतरी हवं होतं. मी भाऊंचा सल्ला विचारला, कारण गावात या विषयाचा दुसरा जाणकार नाही आणि न विचारल्याचं त्यांना कळलं असतं. भाऊ टेप घेऊन घरी आले. आईच्या डोक्याचा घेर मोजला. अंबाडा किती वर बांधता, विचारलं. कुड्या मळसूत्राच्या की साध्या, हेही पाहिलं. पट्टीवाला हेडफोन अंबाड्यावर टेकला तर पुढं सरकतो, मागं नेला तर मानेवर उतरतो, आणि गादीनं कुडी दाबली की तिचं मळसूत्र कानामागे रुततं. या अडचणींचा विचार कोणत्याही जर्मन किंवा जपानी कारखान्यात झालेला नाही, आणि तो व्हायला हवा, असं भाऊ म्हणाले ते मला शंभर टक्के पटलं. मग ते विचार करायला घरी गेले.

विचार चालू होता. अधूनमधून निरोप येत: "आई झोपून आयकतात का बसून?" "उजव्या कुशीवर का डाव्या?" तेवढ्यात आई बाजारात गेली, कोथिंबीर घेतली, आणि शेजारच्या हातगाडीवरून दीडशे रुपयांचे वायरचे इअरफोन घेऊन आली.

ही बातमी भाऊंना कळली तेव्हा ते रागावले नाहीत. वही घेऊन आले.

"आई, आवाज कसा आहे?"

"चांगला आहे की. बुवा बोलतात ते समजते."

"कान दुखते का?"

"झोप लागते."

भाऊंनी पेन थांबवलं. "किती वेयानं?"

"कीर्तन संपल्यावर."

"म्हणजे पूर्ण आयकता तुम्ही? पयल्यापासून शेवटपर्यंत?"

आईनं त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. "मंग? कीर्तनातून अर्ध्यात उठून जाते का कोणी?"

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी इअरफोन उचलला, वायर ताणून पाहिली, रबरी टोक अंगठा-तर्जनीत धरून सवयीनं दोनदा ओढलं, आणि "दोन दिवसांत आणून देतो, जरा बाजूबाजूला ठेवून पाहू दे," म्हणून खिशात घालून घेऊन गेले. तेव्हा आषाढी व्हायची होती. आता आई मोबाइल भिंतीला टेकवून मोठ्यानं कीर्तन लावते आणि आमचं सगळं घर रोज उत्तररंगापर्यंत ऐकतं. भाऊंचा निरोप आला आहे: ओलावा शून्य, कचरा भरपूर, झोपेचा रकाना वहीत नव्हता तो पाडून घेतला आहे, फक्त उजवी बाजू जरा सुस्त वाटते, शंभर तास वाजवून मग सांगतो.

"त्या पोराले म्हणा," आई म्हणाली, "चातुर्मास संपायच्या आत आणून दे."