मला वाटलंच होतं

बंदराला एक दीपगृह लागतं आणि एक अण्णा. दीपगृह धोका आधी दाखवतं, अण्णा नंतर. जूनपासूनची मासेमारीबंदी उठायच्या सुमारास रत्नागिरीच्या मिरकरवाडा धक्क्यावर जा, ते भेटतीलच. लुंगी गुडघ्यापर्यंत, ओठांत न पेटवलेली बिडी, बूड दोर बांधायच्या खुंट्यावर.

त्या दिवशी एका ट्रॉलरच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. इंजिन सुरू करायच्या नव्हेत, त्या वेगळ्या. या दिवे, वायरलेस, जीपीएस आणि मासे दाखवणारं यंत्र रात्रभर चालवणाऱ्या. दीडशे अँपिअर-अवरची एकेक बॅटरी 40-50 किलोची, आणि उचलायला जेमतेम दोन बोटं जातील एवढी दोरी. पोरांनी टेंपोतून चार उतरवून धक्क्यावर मांडल्या. टेंपो गेला. मग अण्णा म्हणाले, "भरतीला आणायच्या होत्यात रे."

ओहोटीने डेक पुरुषभर खाली गेला होता. भरतीला तोच डेक धक्क्याच्या बरोबरीला येतो, बॅटरी नुसती सरकवायची. हे अण्णांना सकाळीही ठाऊक होतं. पण सकाळी त्यांनी पोरांबरोबर चहा घेतला आणि विषय काढला क्रिकेटचा.

अण्णा चुकीचं बोलत असते तर कुणी मनावर घेतलं नसतं. त्यांचं सगळं बरोबर असतं, हा खरा जाच. गेल्या वर्षी मालकाने काटकसर म्हणून दोनच बॅटऱ्या बदलल्या होत्या. दमलेली जुनी बॅटरी शेजारच्या नवीलाही खाली ओढते, हे अण्णांनी सांगितलं यंदा, चारही बसल्यावर. जुन्या काढताना पाना इंजिनाला लागून ठिणगी उडाली. "निगेटिव्ह आधी सोडायचं असतं," अण्णा वरून म्हणाले. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून ओठांतली बिडी मात्र ते पेटवत नाहीत. स्वतःपुरती त्यांची दूरदृष्टी शाबूत आहे.

दोर बांधून, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत पोरांनी नव्या चार खाली सोडल्या. वाकून, कुशीवर होऊन इंजिनाच्या बाजूने आत नेल्या, फळीवर बसवल्या, पट्टे आवळले.

"टर्मिनल कुठल्या अंगाला आलं?"

उलट्या. केबल वीतभर कमी पडत होती.

"मला वाटलंच होतं. दुकानातच विचारायचं, डावी की उजवी."

पट्टे सुटले, बॅटऱ्या फिरल्या, पिढ्यांचा हिशेब सातावरून पुढे गेला.

अखेर तांडेलाने डोकं लढवलं. मेन स्विच टाकायच्या आधी त्याने हात जोडले. "अण्णा, काय ते आत्ताच सांगा. काही राहिलंय?"

अण्णा पहिल्यांदाच खुंट्यावरून उठले, खाली उतरले. एकेक बूच उघडून पाहिलं, प्लेटा पाण्यात बुडालेल्या. टर्मिनलं घट्ट, वर व्हॅसलीनचा हात. मीटरवर 12.7 व्होल्ट. पट्टे ओढून पाहिले.

"नाही. सगळं झकास."

चौघांचे चेहरे पांढरे पडले. असं अण्णा कधीच म्हणाले नव्हते. तांडेलाने स्विचवरचा हात काढला आणि सगळ्या केबली पुन्हा सोडायला लावल्या. निगेटिव्ह आधी.