चार टन मीठ

मोठ्या श्वापदांच्या शिकारीवर जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांत शिकारी आणि सिंह समोरासमोर येतात तो क्षण पानेच्या पाने अडवून बसलेला असतो, आणि त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी जे सामान बांधावे लागले ते कुठेतरी शेवटच्या परिशिष्टात, बारीक टायपात, अंग चोरून उभे असते. वस्तुतः सिंहाशी पडणारी गाठ दोन-चार मिनिटांची, तर सामानाशी चालणारी झटापट वर्षभराची असते. शिवाय सिंह एकदा पडला की पडला, सामान मात्र रोज संध्याकाळी सोडावे आणि रोज सकाळी पुन्हा बांधावे लागते. या विषयाच्या अभ्यासकाला सर्वप्रथम जाणवणारी विलक्षण गोष्ट अशी की, शिकारीसाठी म्हणून नेलेल्या सामानात प्रत्यक्ष शिकारीला लागणारे सामान फारच थोडे असते.

पूर्व आफ्रिकेत अशा मोहिमेला ‘सफारी’ म्हणतात. हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’वरून आला असून तीच ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीतही येऊन राहिली आहे. तेव्हा हे दोन शब्द एकमेकांचे मावसभाऊ होत. (पुढे तोच शब्द इंग्रजीमार्गे मराठीत दुसऱ्यांदा शिरला तो चार खिशांच्या सुटाच्या रूपाने, आणि आफ्रिकेत ज्या धर्तीच्या वेषात सिंह मारायचा त्याच धर्तीच्या वेषात इकडे एक अख्खी पिढी बँकेत नोटा मोजू लागली, लग्नात जावयाला त्याचेच कापड मानपानात मिळू लागले, परंतु तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) मूळ अर्थाने सफारी म्हणजे प्रवास, आणि प्रवासाला निघालेला सगळा तांडाही. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘वऱ्हाड’ हाच ठरेल. फरक इतकाच की येथे वधूपक्षाची संमती घेतलेली नसते.

या शास्त्राचा आदर्श नमुना म्हणून थिओडोर रूझवेल्ट यांच्या मोहिमेकडे पाहावे लागते. ४ मार्च १९०९ रोजी ते अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि २३ मार्चला, म्हणजे अवघ्या १९ दिवसांनी, आफ्रिकेला जाण्यासाठी बोटीवर चढले. बरोबर मुलगा कर्मिट, आणि स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी नमुने गोळा करणारे एडगर मर्न्स, एडमंड हेलर व ऑल्डन लोरिंग हे तीन निसर्ग-अभ्यासक होते. साध्या चार दिवसांच्या महाबळेश्वरासाठी कुटुंबे आठवडाभर बॅगा भरतात हे ध्यानात घेतले, तर १९ दिवसांत वर्षभराचे सामान बांधून होणे शक्य नव्हते हे उघड आहे, आणि ते झालेही नाही. बांधाबांध अध्यक्षपदाच्या अखेरच्या वर्षातच सुरू झाली होती. एडवर्ड बक्स्टन आणि फ्रेडरिक सेलस या दोन मुरलेल्या इंग्रज शिकाऱ्यांशी या बाबतीत पत्रव्यवहार चालू होता, म्हणजे देशाचा कारभार आणि तंबूंची चर्चा एकाच टेबलावर सुखाने नांदत होती.

आफ्रिकेतील सामानशास्त्रात वजनाचे मूलभूत एकक पौंड नव्हे, तर माणूस हे होय. त्या मुलखाच्या बऱ्याच भागांत त्सेत्से नावाची माशी असते, तिच्या दंशातून पसरणाऱ्या रोगाने घोडे-बैल दगावतात, आणि म्हणून सर्व सामान हमालांच्या डोक्यावरून न्यावे लागे. एका हमालाचे ओझे साधारण ६० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोंचे धरत. हिंदुस्थानातील संस्थानी शिकारीत हा प्रश्न हत्तीच्या पाठीवर टाकून मोकळे होता येई. आफ्रिकेतला हत्ती मात्र सामान उचलण्याच्या कामी नव्हता, उलट परतीच्या वाटेवर तोच सामानात मोडायचा होता. त्यामुळे एखादी वस्तू सोबत घ्यावी की नाही याचा विचार ती उपयोगाची आहे काय यापेक्षा ती कोणाच्या डोक्यावर बसणार या अंगाने करावा लागे, आणि ‘डोक्यावर बसणे’ हा आपला वाक्प्रचार तेथे शब्दशः खरा ठरे. रूझवेल्ट यांच्या दिमतीला अशी दोनशेहून अधिक डोकी होती.

आता या डोक्यांवर काय बसले ते पाहू. यादीत अग्रस्थानी चार टन बारीक मीठ आहे. जनावराचे कातडे सोलल्यावर उष्ण हवेत ते लगेच कुजू लागते आणि केस गळू लागतात. म्हणून आतल्या बाजूचे मांस खरवडून तेथे भरपूर मीठ चोळतात, मीठ कातड्यातील पाणी ओढून घेते आणि कुजवणाऱ्या जंतूंचा जम बसू देत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर झाकून ठेवणारी गृहिणी आणि गेंड्याच्या कातड्यावर ओणवे होऊन मीठ चोळणारा संग्रहालयाचा माणूस एकाच शास्त्राचे उपासक आहेत, फक्त बरणीच्या आकारात भेद आहे. हत्तीचे कातडे तर इतके जाड की ते आतून तासून पातळ केल्याखेरीज मीठ मुरतच नाही, आणि एवढ्या लोणच्याला खार पुरेल की नाही ही चिंता सोलणाऱ्याला सिंहाच्या चिंतेपेक्षा मोठी असते. साठ पौंडांचा हिशेब मांडला, तर हे सगळे मीठ एकदम उचलायला सव्वाशेहून अधिक माणसे लागली असती. दांडीच्या २१ वर्षे आधीची ही मिठाची यात्रा इतिहासकारांच्या नजरेतून कशी सुटली, हे कळत नाही.

त्या मानाने बंदुका म्हणजे चिमूटभर. रूझवेल्ट यांच्या स्वतःच्या वापरातील मुख्य रायफली तीन होत्या, एक स्प्रिंगफील्ड, एक विंचेस्टर आणि इंग्लंडमधील चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची भक्कम दुनळी. तिन्ही मिळून एका हमालाचेही ओझे भरत नव्हते. बंदुकीच्या वजनाची खरी हौस त्याआधीच्या पिढीची. १८६० च्या दशकात नाईलचा उगम शोधत फिरणारे सॅम्युअल बेकर अर्धा पौंड वजनाचा स्फोटक गोळा फेकणारी एक रायफल बाळगून होते. तिचे नाव त्यांनी लाडाने ‘बेबी’ ठेवले होते आणि तिचा बार काढला की ते स्वतः वाऱ्यावरच्या कोंबड्यासारखे गर्रकन फिरत असत. ज्या शस्त्राने समोरच्या जनावराइतकाच धाक मागच्या माणसालाही घालावा त्याला बाळ म्हणणे, हे एकंदर बाळांच्या स्वभावाशी सुसंगतच आहे.

मिठानंतर अधिक मनोवेधक ठरते ते ग्रंथालय. रूझवेल्ट यांना वाचल्यावाचून चैन पडत नसे, आणि आफ्रिकेच्या हवेत साध्या बांधणीच्या पुस्तकांची अवस्था बघवत नसे. म्हणून सुमारे साठ पुस्तके निवडून, त्यांचे समास छाटून, त्यांना डुकराच्या कातड्याची बांधणी करण्यात आली आणि ती अ‍ॅल्युमिनियम व मेणकापडाच्या एका हलक्या पेटीत बसवण्यात आली. ही भेट त्यांच्या बहिणीने, कोरिन रॉबिन्सन यांनी दिली होती. डुकराचे कातडे एवढ्यासाठी की ते घोड्याच्या खोगिरासारखे वापराने अधिकच तुकतुकीत होत जाते. पेटीचे वजन साठ पौंडांच्या आत राखलेले होते, म्हणजे बायबल, होमर, दांते, शेक्सपिअर, मिल्टन, डिकन्सचे पिकविक आणि मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन ही सगळी मंडळी एकाच हमालाच्या डोक्यावर दाटीवाटीने बसून विषुववृत्त ओलांडत होती. होमर डोक्यात असणारी माणसे विद्यापीठांतून पुष्कळ आढळतात. होमर डोक्यावर असणारा हा बहुधा पहिलाच, आणि विद्वानांपेक्षा त्याला होमरचे वजन अधिक अचूक ठाऊक होते.

या पुस्तकांचे पुढे काय झाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. रूझवेल्ट एखादे पुस्तक खोगिराच्या खिशात घालून निघत, भर दुपारी झाडाच्या सावलीत बसत, आणि कातडे सोलणारी माणसे येईपर्यंत नुकत्याच मारलेल्या जनावराच्या शेजारी वाचत राहत. एका अंगाला निपचित पडलेले धूड, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, दुसऱ्या अंगाला चष्मा नाकावर सरकवून कवितेत बुडालेला माजी राष्ट्राध्यक्ष. परिणामी पानांवर रक्ताचे, घामाचे, बंदुकीच्या तेलाचे, राखेचे डाग पडले. ग्रंथालयाचे पुस्तक चहाच्या डागासह परत केल्याबद्दल दंड भरणाऱ्या वाचकाने यावरून धीर धरावा. या वाचनाला लेखनाचीही जोड होती. स्क्रिब्नर्स या मासिकाने मोहिमेवरील लेखमालेसाठी ५०,००० डॉलर कबूल केलेले असल्याने पेन्सिली आणि कागद हे सामान सर्वांत कमी वजनाचे व सर्वांत अधिक उत्पन्नाचे होते.

पुस्तके नेणे हा सौम्य प्रकार म्हणावा, असे नमुने पूर्वसूरींच्या गाठोड्यांत सापडतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८५० च्या सुमारास आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात प्रवास केला तेव्हा लंडनच्या ड्रुरी लेनमधून घेतलेला नाटकातला एक मुकुट बरोबर नेला आणि तो ओवांबो लोकांचा राजा नांगोरो याच्या मस्तकी चढवला. बेकर यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचा पूर्ण पोशाख, घागऱ्यासकट, बुन्योरोचा राजा कामरासी याच्या भेटीसाठी जपून नेला होता. संगीत नाटकाच्या कंपन्यांनीही पेटाऱ्यांतून याहून फारसे वेगळे सामान हिंडवले नसेल. हेच गॉल्टन पुढे १८५५ साली ‘प्रवासाची कला’ या अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहून गेले. लुटारूंच्या मुलखात जाताना जडजवाहीर सुरक्षित कसे न्यावे, याचा त्यात सांगितलेला उपाय असा की डाव्या दंडावर, देवी टोचतात त्या जागी, कातडीला चीर पाडून रत्न आत बसवावे आणि जखम भरून येऊ द्यावी. सामान कमी जागेत बसवण्याच्या कलेत याच्यापुढे कोणी गेल्याचे दिसत नाही.

रूझवेल्ट यांची किरकोळ सामग्री यापुढे मिळमिळीत वाटते. दृष्टी अधू असल्यामुळे चष्म्याचे नऊ जास्तीचे जोड. गुडघ्यांवर चामडे लावलेल्या खाकी विजारी. लाडकी मऊ टोपी सोडून, केवळ तिकडच्या लोकांच्या आग्रहाखातर, उन्हाचे हेल्मेट. आणि जॉन सुलिव्हान या प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याने शकुनासाठी दिलेला, सोन्याने मढवलेला सशाचा पाय, म्हणजे मोहिमेतील पहिला मृत प्राणी घरूनच बरोबर आला होता. तंबूला मागे आंघोळीची सोय होती आणि आंघोळ गरम पाण्याचीच हवी असा दंडक होता. खाद्यपदार्थांत कॅलिफोर्नियाचे पीच, बोस्टनच्या पद्धतीच्या भाजलेल्या घेवड्याच्या बिया आणि टोमॅटो यांचे डबे होते. घरची चव डब्यात घालून नेण्याची ही प्रवृत्ती मेतकूट आणि चटणीच्या पुड्या घेऊन विमानात चढणाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. अडीअडचणीसाठी ब्रँडीही होती, तिच्यापैकी अकरा महिन्यांत सहा औंस संपली. चहाने अधिक काम भागते असा त्यांचा अनुभव होता, आणि या एका बाबतीत ते पूर्ण मराठी निघाले.

२१ एप्रिल १९०९ रोजी ही मंडळी मोंबासाला उतरली, तेव्हा तेथे एखाद्या मुंबईकराला अवघडल्यासारखे होण्याचे कारण नव्हते, कारण त्या वसाहतीत चलन रुपयाचेच होते आणि गोव्याहून गेलेले स्वयंपाकी, शिंपी, कारकून व दुकानदार तेथे स्थिरावलेले होते. शिकारीचा परवाना ५० पौंडांना, म्हणजे ७५० रुपयांना मिळे आणि त्यावर कोणते जनावर किती मारावे याची मर्यादा ठरवून दिलेली असे. सिंह मात्र तेव्हा उपद्रवी प्राण्यांत मोडत असल्याने त्याला मर्यादा नव्हती. वनराज म्हणून ज्याची चित्रे सिंहासनांवर कोरली गेली, त्याची सरकारदरबारी जागा घुशीच्या पंक्तीला होती.

राहता राहिला सर्वांत अवघड हिशेब, तो पोशोचा. पोशो म्हणजे हमालांना मिळणारा धान्याचा शिधा, बहुधा मक्याचे पीठ किंवा तत्सम काही. दररोज दीड पौंड पीठ धरले, तर साठ पौंडांचे पोते वाहणारा माणूस चाळीस दिवसांत ते पोते एकटाच संपवतो आणि कोणालाही काही न पोचवता रिकाम्या हातांनी मुक्कामाला येतो. म्हणजे पीठ वाहणाऱ्यांसाठी पीठ वाहणारे, त्यांच्यासाठी आणखी पीठ वाहणारे, असा हा गुणाकार कोठेच थांबत नाही. तो थांबवण्यासाठी वाटेत जनावरे मारून तांड्याला मांस घालावे लागे. शिकारीसाठी माणसे नेली आणि मग माणसांसाठी शिकार करावी लागली, असा हा व्यवहार. त्या हमालाचे स्वतःचे सामान काय होते, याची नोंद मात्र कोणत्याही परिशिष्टात विस्ताराने सापडत नाही. एक घोंगडी, पाचसहा जणांत मिळून एक भांडे, एवढ्यावर तोही तितकेच मैल चालत होता, आणि डोक्यावर पीचचे डबे होते.

मार्च १९१० मध्ये मोहीम खार्टूमला पोहोचली तेव्हा पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे मारलेली होती. संग्रहालयासाठी जमलेले एकूण नमुने अकरा हजारांच्या वर गेले, आणि त्यांत सस्तन प्राणीच सुमारे पाच हजार होते. ५१२ आणि पाच हजार यांत जी तफावत दिसते, तिचे उत्तर सामानाच्या यादीत मिठाच्या खालच्या ओळीत आहे: लहान प्राण्यांसाठी काही शे सापळे, आणि कापूस. हत्ती-गेंड्यांच्या कथा मासिकातून अमेरिकाभर वाचल्या जात असताना इकडे लोरिंग आणि त्यांचे सहकारी रात्री गवतात सापळे मांडत होते आणि सकाळी उठून, घरोघरी उठतात त्याच उत्सुकतेने, उंदीर सापडला का ते पाहत होते.